अंजनगावचा मिक्स पिंजरा

दुकानात येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक मला एकच वाक्य ऐकवायचं, "भाऊ, एकाच पिंजऱ्यात सारे रंग पायजे." आणि मी वर्षानुवर्षं त्याला एकच उत्तर दिलं, "जमते ना." ते उत्तर चुकीचं होतं. संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो की अंजनगावच्या घरातला तो लोखंडी पलंग समोर येतो आणि बाकीचं सारं मागे राहतं.

माझं पाखरांचं दुकान अकोल्यात, जुन्या शहरात होतं. आता बंद केलं. मोर्णेच्या पुलावरून आलं की मसाल्याच्या गल्लीतून दुसऱ्या वळणावर, आवाजावरूनच सापडायचं. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे पिंजऱ्यातल्या कोणत्याही छोट्या हिरव्या-निळ्या पोपटाला लोक लव्हबर्ड म्हणतात. बहुतेक वेळा ते बजरीगर असतात, आणि हे सांगून मी किती लोकांचा मूड घालवला याचा हिशोब नाही. फिंच वेगळे. चिमणीहून लहान, जाड चोचीचे, दाणे खाणारे, मूळ परदेशातले पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. झेब्रा म्हणजे लाल चोच, नराच्या गालावर केशरी टिकली आणि खेळण्यातल्या भोंग्यासारखा सतत पीं पीं आवाज. बेंगाली तपकिरी-पांढरं, गरीब, कोणी अंगावर आलं की बाजूला सरकणारं. गोल्डियन म्हणजे कुणीतरी बसून रंगवल्यासारखं, हिरवं, जांभळं, पिवळं, आणि तितकंच नाजूक. तिघं राळा खातात, तिघं मडक्यात अंडी घालतात, तिघं मुठीत मावतात. म्हणून आम्ही दुकानदार समजत होतो की तिघं एका पिंजऱ्यात राहतात. अशा पिंजऱ्याला धंद्यात 'मिक्स' म्हणायचे.

एकदा धारणीकडून एक माणूस टोपलीत लाल मुनिया घेऊन आला होता. जंगलातली, जाळ्यात धरलेली. आपल्या रानातली पाखरं पकडणं आणि विकणं गुन्हा आहे, हे मी त्याला चढ्या आवाजात समजावलं आणि हाकलून दिलं. गल्लीतले चार दुकानदार ऐकत होते. मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला. कायदा मला पाठ होता, पाखरं मात्र नव्हती, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही हाकलून दिलं असतं.

अमरावतीचे एक बँकेतले साहेब होते. त्यांना प्रत्येक जातीची एकेक जोडी हवी होती. दर दोन महिन्यांनी येऊन एखादी नवी जोडी न्यायचे. मी त्यांना माझं पक्कं गिऱ्हाईक म्हणायचो, खुर्ची द्यायचो, चहा मागवायचो. ते एकदा म्हणाले, "पिल्लं होते भाऊ, पन खाली पडून मरते." मी म्हणालो, "आई नवखी असंल." आमच्याकडे प्रत्येक मरणाला एक तयार कारण असायचं. हवा लागली. दाणा जुना झाला. आई नवखी आहे. साहेब मान डोलावून नवी जोडी घेऊन जायचे. त्यांची जुनी जोडी गेलेली असायची म्हणून ते नवी न्यायचे, हे माझ्या डोक्यात शिरायला अंजनगाव घडावं लागलं.

महिन्यातून एकदा मी अकोट, अंजनगाव, परतवाडा अशी एक फेरी करायचो. एसटीने जायचं, गिऱ्हाइकांच्या घरी दाणा पोचवायचा, पाखरं बघायची, नखं वाढली असतील तर कापायची. त्याच फेरीत मला गजानन नावाच्या शेतकऱ्याचं घर मिळालं. तो आधी अकोल्याला दुकानात आला होता. तिशी-पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, आवाज हळू.

"बाबाले लकवा मारला," तो म्हणाला. "उजवा हात, उजवा पाय गेला. बोलनं गेलं. डाक्टर म्हनते, डोयासमोर काई हालतं-चालतं ठेवा. टीवी लावला तर तोंड फिरवते. म्या मोबाइलवर एक पिंजरा पायला, सारे रंग होते त्यात. तसा करून द्या."

"त्याईले समजते का?" मी विचारलं.

"नाई ना. दवाखान्यातून आनलं तवा कशालेई मान हालवे. पानी पायजे का, तरी हो. पानी नको का, तरी हो. मंग आमी इचारनंच सोडलं."

दसरा होऊन गेला होता. मी चार फूट लांबीचा पिंजरा केला. झेब्राची जोडी, बेंगालीची जोडी, गोल्डियनची जोडी. दाण्याचं एक भांडं, पाण्याचं एक, आणि आत टांगलेली तीन मडकी. धंद्यातल्या माणसाने वाचलं तर त्याला माझ्या चुका इथेच दिसतील. मला तेव्हा तो पिंजरा म्हणजे माझ्या हातची सगळ्यात देखणी वस्तू वाटली होती.

गजाननच्या वडिलांना सगळे रामभाऊ म्हणायचे. खिडकीशी लोखंडी पलंग, त्यावर उशांना टेकून बसवलेले, पांढरी मिशी, तोंड उजवीकडे किंचित ओघळलेलं. पिंजरा त्यांच्या डाव्या हाताशी स्टुलावर ठेवला. त्यांचे डोळे गोल्डियनवर गेले आणि तिथेच राहिले. त्यांची बायको, सुलोचनावहिनी, दारात उभ्या होत्या. त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "लय दिसानं कुठंतरी पायलं त्याईनं." असा दिवस धंद्यात कधीतरीच येतो.

त्या घरात तेव्हा वेचणी चालू होती. बाजूच्या खोलीत छताला लागेल एवढा कापूस. घरटं बांधायला मी नारळाचा काथ्या बोटभर लांबीचा कापून नेला होता. वहिनींनी तो पाहिला आणि त्यांना तो बिलकुल पटला नाही.

"हे टोचनार नाई का त्याईले? थांबा," म्हणत त्या बोंडातून नुकताच काढलेला कापूस ओंजळभर घेऊन आल्या. "आमच्या वावरातला हाय. याच्याहून मऊ काय देसान पाखराले?"

मला माहीत होतं. कापसाचा धागा लांब असतो, पिल्लाच्या पायाला गुंडाळतो, काचतो, पाय सुकून गळून पडतो. हे मी शहरातल्या गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचो. पण कापसाच्या घरी बसून, घरच्या बाईच्या ओंजळीतल्या कापसाला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "द्या वैनी, काई होत नाई." झेब्राच्या नराने लगेच चोचीत तंतू धरला आणि मडक्यात गेला. आम्ही तिघं हसलो. रामभाऊसुद्धा हसल्यासारखे वाटले.

दुसऱ्या फेरीला गेलो तर गोल्डियनची मादी मेलेली. मी नेहमीप्रमाणे थंडीवर ढकललं, पिंजऱ्याला मागून पोतं बांधायला सांगितलं. वहिनींची तक्रार वेगळीच होती.

"हे आजकाल लय गोंगाट करून राहिले भाऊ. स्टीलचा गिलास घेते अन् पलंगाले ठोकते. दिवसभर. आवाज सहन होत नसंल का पाखराईचा? परवा तर पिंजऱ्यात बोटं घातली अन् मी रोज सकायी देते तो कापूस मडक्यातून ओढून फेकला."

मी तिथे असतानाच त्यांनी ठोकायला सुरुवात केली. डाव्या हातात पेला, पलंगाच्या दांडीवर ठण, ठण, ठण. नजर पिंजऱ्यावर. पाखरं घाबरून जाळीला आपटायला लागली. मी चिडलो. आजारी माणसावर चिडता येत नाही म्हणून मी पाखरांच्या बाजूने बोललो. "असं झालं तर हे सारे मरतीन," असं म्हणून मी स्वतः स्टूल उचललं आणि पिंजरा त्यांचा हात पोचणार नाही इतका लांब, भिंतीशी नेऊन ठेवला. त्यांच्या घशातून एक आवाज आला. तो मी ऐकला, पण त्याचा अर्थ लावायची मला गरज वाटली नाही.

निघताना पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, नेहमीच्या आवाजात, मी गजाननला म्हणालो, "पुढं-मागं पिंजरा लागला नाई तर सांगजा, मी परत नेईन. वाया जाऊ देनार नाई." हे वाक्य मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या घरी बोलायचो. धंद्यातला चांगुलपणा होता तो.

तिसऱ्या फेरीला गोल्डियनचा नर गेलेला. समोर भरलेलं भांडं आणि पाखरू हातात घेतलं तर छातीचं हाड बोटाला लागलेलं. हे मला खटकायला हवं होतं. मी म्हणालो, मादीच्या मागे गेला, यांच्यात असं होतं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना चक्क एक खोटी गोष्ट विकली होती आणि त्यांनी ती रडून घेतली.

चौथी फेरी संक्रांतीच्या अलीकडची. दुपारची वेळ. गजानन वावरातून जेवायला आलेला, वहिनी चहा मांडत होत्या. मी खुर्चीवर बसलो होतो आणि रामभाऊ ठोकत होते. त्या दिवशी फारच जोरात. वहिनी चुलीकडून म्हणाल्या, "सकायपासून असंच चालू हाय, डोकं उठलं."

चहा प्यायचा म्हणजे दुसरं काही करायचं नव्हतं, म्हणून मी नुसता बघत बसलो. तेव्हा कुठे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ठोकणं सलग नव्हतं. झेब्राचा नर कापूस घेऊन मधल्या मडक्यात शिरला की ठण ठण सुरू व्हायचं. तो बाहेर आला की थांबायचं. बेंगालीची मादी तारेवर फुगून बसली होती. ती मडक्याकडे उडाली तेव्हा पेला अगदी शांत होता. झेब्राच्या नराने तिला चोच मारून पिटाळलं, आणि पुन्हा ठण. मी चार-पाच वेळा पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

मी कप खाली ठेवला. उठून डावीकडचं मडकं काढलं, कारण तेच सगळ्यात गच्च दिसत होतं. तोंडातून कापूस बाहेर आला होता. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मी बोटांनी थर उलगडायला लागलो. वरचा कापूस. त्याखाली झेब्राची दोन थंड अंडी. पुन्हा कापूस, दाबून बसवलेला. आणि त्याखाली पाच पिल्लं, बेंगालीची, पंख फुटायला लागलेली, वाळून चपटी झालेली. एकाच्या पायाला तंतूंचा इतका पीळ होता की पाय वेगळाच हातात आला.

झेब्रा असंच करतो. सामान मिळेल तोवर बांधत राहतो, मडकं कुणाचं आहे, आत काय आहे, हे त्याला दिसत नाही. बेंगाली भांडत नाही, बाजूला सरकतं; गोल्डियनला तर त्याने दाण्याच्या एकुलत्या भांड्याशीच फिरकू दिलं नव्हतं. मी त्यांना एका पिंजऱ्यात कोंडलं होतं, आणि आम्ही सगळे मिळून त्या नराला रोज सकाळी ओंजळभर कापूस पुरवत होतो.

गजानन पुढे वाकून बघत होता, त्याच्या हातात अर्धी भाकर तशीच. आणि मागे पेला थांबला नव्हता. मी वळून पाहिलं. रामभाऊ मला पेला दाखवत होते, म्हणजे पेल्याने दाखवत होते, मधल्या मडक्याकडे.

मी ते काढलं. वरचा कापूस ताजा होता, पांढरा शुभ्र, त्या सकाळचा. त्याखाली चार पिल्लं. तीन गार. चौथ्याने चोच उघडली.

आवाज नव्हता, नुसती चोच उघडी. पण सकाळी आवाज असणारच. पिल्लं भुकेने ओरडतात, आणि त्या शांत खोलीत, कापसाखालून येणारा तो आवाज पलंगावरच्या माणसाला ऐकू येत होता. आधीच्या पाचांचाही आला असणार, हळूहळू कमी होत थांबेपर्यंत. त्याने हाताने कापूस ओढून पाहिला, तर मी पिंजरा लांब नेला. त्याने हाक दिली, तर आम्ही तिला गोंगाट म्हणालो. मी घरात येऊन चहा पीत होतो तेवढ्या वेळातही कदाचित एखादं गेलं असेल.

मी पिल्लाच्या पायाचा तंतू नखकात्रीने कापला, त्याला मडक्यात ठेवलं, झेब्राच्या जोडीला पकडून माझ्या जाळीच्या पेटीत टाकलं. मग पलंगापाशी गेलो.

"रामभाऊ," मी म्हणालो, "या नराले मी घेऊन जाऊ? हो असंल तर एकदा वाजवा."

ठण. एकदाच.

"का राहू देऊ इथंच?"

पेला हलला नाही. ते माझ्याकडे सरळ बघत होते. मी उलटसुलट करून तीन-चार गोष्टी विचारल्या, एकही उत्तर चुकलं नाही.

गजाननने हातातली भाकर खाली ठेवली. "बाबाले समजते," तो म्हणाला. आनंदाने म्हणायचं वाक्य होतं ते, पण तो आनंद त्याच्या तोंडावर मला दिसला नाही. वहिनी हातात पक्कड घेऊन दारात उभ्या होत्या.

"गजा," त्या म्हणाल्या, "मंग आपन दिवायीपासून त्याईच्या समोर जे जे बोललो..."

तो मान वर करेना. वहिनी हळूहळू पलंगापाशी आल्या, आणि त्यांनी मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात नवऱ्याला विचारलं, "अमरावतीचं आयकलं तुमी? त्या म्हाताऱ्याईच्या आश्रमाचं? कापूस इकला का तुमाले तिथं नेऊन ठेवायचं म्हनत होतो, ते?"

रामभाऊंनी पेला उचलला. बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. मग एकदा वाजवला, अगदी हळू.

मी स्टूल उचलून पिंजरा पुन्हा त्यांच्या डाव्या हाताशी आणून ठेवला, पेटी घेतली आणि निघालो. एसटी अकोटच्या पुढे आल्यावर मला माझं वाक्य आठवलं. पिंजरा लागला नाई तर परत नेईन. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून बोललो होतो मी ते. रामभाऊंनी तेही ऐकलं होतं.

रामभाऊ त्यानंतर दोन वर्षं होते, त्याच घरात, त्याच खिडकीशी. अमरावतीचा विषय मी पुन्हा तिथे ऐकला नाही. ते एक पिल्लू जगलं, एक बोट गेलं त्याचं. पुढे त्याची जोडी लावली, तिचीही पिल्लं झाली. फक्त बेंगाली, फक्त काथ्या. अकोल्यात मी मिक्स पिंजरा देणं बंद केलं. गिऱ्हाईक कुरकुरायचं, शेजारच्या गल्लीत जायचं. अमरावतीच्या साहेबांना मी फोन करून सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग इतके वर्षं काहून नाई सांगितलं भाऊ?"

अंजनगावला मी दर फेरीला जायचो. पाखरांबद्दल विचारायचो, रामभाऊ पेला वाजवून सांगायचे. दाणा बदलू का, ठण. मडकं वाढवू का, गप्प. माझ्या त्या वाक्याबद्दल मात्र मी कधी विचारलं नाही. दरवेळी ठरवून जायचो आणि दरवेळी दाण्याचं बोलून परत यायचो. मी गेलो की ते डाव्या हाताची बोटं पिंजऱ्याच्या तारेत अडकवून बसायचे आणि मी निघेपर्यंत काढायचे नाहीत. त्यांचा पाखरांवर किती जीव आहे बघा, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो.

ते गेल्यावर तेराव्याला गेलो होतो. पलंग अजून तिथेच होता. दांडीवर जिथे पेला लागायचा तिथला रंग उडून लोखंड दिसत होतं. पिंजऱ्यात पाखरं नेहमीसारखी दाणे फोडत होती. निघताना मी वहिनींना म्हणालो, "मी आलो का रामभाऊ कसे पिंजऱ्याले हात लावून बसत, ते आठवते."

"तुमी पयले बोलले होते ना भाऊ, पिंजरा परत नेईन म्हनून," त्या म्हणाल्या. "तवापासून तुमची चाहूल लागली का ते पिंजरा पकडून ठेवत. तुमी गेले का सोडत. म्या लय सांगितलं त्याईले, भाऊ नाई नेत, सोडा. पन नाई सोडला."

वहिनींना वाटत होतं, हे मला आधीपासून माहीत आहे.